करडं शीर्षक

रादाना कुबालोवाचं पत्र आलं त्याच दिवशी हिनेक मातुला उत्तर लिहायला बसला होता. हे कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणून त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. पत्र अर्ध्या पानाचं होतं. परीकथांवरून केलेल्या ॲनिमेशनपटांवर तिला प्रबंध लिहायचा होता. त्यासाठी सुचलेली तीन शीर्षकं तिने एकाखाली एक लिहिली होती आणि शेवटी म्हटलं होतं, "सर, यातल्या एकाखाली नुसती रेघ मारून कागद परत पाठवा. सही नको. एकही बरं वाटलं नाही तर तुम्हीच सुचवा. तुमच्यासारखी शीर्षकं दुसऱ्या कुणाला जमत नाहीत." सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही तिने ठेवलं होतं.

त्याला तीन वर्षं झाली. पाकीट अजून टेबलाच्या खणात पडून होतं, आणि खण उघडताना मातुला डावीकडेच हात घालायचा, कारण ते उजवीकडे होतं.

शीर्षकांबद्दल तिने लिहिलं होतं ते मात्र खरं होतं. मातुलाच्या नावावर उभ्या आयुष्यात एकच बारकं पुस्तक, तेही विकलं न गेलेलं. वर्गात तो इतका हळू बोलायचा की मागच्या बाकांवरची मुलं पत्ते खेळायची. पण चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराच्या फॅकल्टीत कुणालाही प्रबंधाचं शीर्षक अडलं की तो मातुलाकडे यायचा. विषयांना मंजुरी देणाऱ्या मंडळासमोर फक्त शीर्षकं वाचली जात. विभागप्रमुख कॉम्रेड स्वातावा ह्रूबा जेवणानंतरच्या जड आवाजात एकेक शीर्षक वाचायच्या, आणि प्रत्येकापाठोपाठ हात वर व्हायचे. प्रबंध पुढे कधीतरी लिहिला जाई, आणि तो वाचणारं सहसा कुणी नसे. तेव्हा खरी परीक्षा त्या एका ओळीचीच.

"शीर्षक म्हणजे ओव्हरकोट," मातुला मुलांना सांगायचा. "करडा असावा. गर्दीत कुणी वळून बघता कामा नये. आत काय घातलंय ते तुमचं तुम्हाला ठाऊक." एका जुन्या संन्याशाच्या प्रेमकवितांवरचा प्रबंध त्याने 'सरंजामी समाजातील नैतिक अंतर्विरोधांची काही लक्षणे' या नावाखाली पार करून दिला होता. ह्रूबाबाईंना तो विषय फार आवडला होता.

रादानाचं काम मात्र एवढं सोपं नव्हतं.

तिचे वडील मेतोदेय कुबाला डोंगरापलीकडच्या ॲनिमेशन स्टुडिओत बाहुल्या कोरायचे. त्यांचं शेवटचं मोठं काम एका पाणपुरुषाच्या गोष्टीचं. ब्रनोभोवतालच्या मोराव्हिया प्रांतात ही गोष्ट कुणी कुणाला सांगावी लागत नाही: गिरणीच्या तळ्याखाली हिरव्या कोटातला म्हातारा राहतो आणि बुडालेल्यांचे जीव मातीच्या भांड्यांत झाकण घालून ठेवतो. या चित्रपटात गिरणीवाल्याची मुलगी तळ्यात उतरते आणि एकेक झाकण उचलते. चित्रपट पुरा झाला तो अडुसष्टात रशियन रणगाडे देशात आले त्याच्या पुढच्या शरदात. अधिकाऱ्यांनी तो गुपचूप बघितला. दिवे लागल्यावर एकाने विचारलं, हा हिरव्या कोटातला म्हातारा म्हणजे नक्की कोण? कुणी काही बोललं नाही, आणि तेच उत्तर धरलं गेलं. दिग्दर्शक व्हिएन्नाला गेला तो परतला नाही. चित्रपट प्रागच्या एका तळघरात, तिजोरीत गेला. तिजोरीतले चित्रपट असंच म्हणायचे सगळे, पण तिथे खरोखरच लोखंडी दार होतं.

कुबालाने तो चित्रपट पाहिलाच नाही. बाहुल्या कोरणाऱ्याला बाहुली फक्त निश्चल दिसते. कॅमेऱ्यासमोर दुसरे लोक तिला केसाकेसाने सरकवतात, आणि तिचं चालणं असतं ते फक्त फिल्मवर. बाकी कुठे नाही. पुढे स्टुडिओचं कोठार साफ करताना बाहुल्याही गेल्या. आपल्या हातची पोर चालते कशी, हे बघायला कुबालाला ती तिजोरीच उघडायला हवी होती. डोळ्यांत काचबिंदू उतरत होता आणि डॉक्टर म्हणाले होते, जे बघायचं ते बघून घ्या.

तिजोरी उघडायचा एक रस्ता होता. मंजूर झालेल्या प्रबंधाच्या शीर्षकात एखादा चित्रपट अटळपणे बसत असेल, तर संशोधकाला तो दाखवावा असा नियम होता. संशोधनाला ज्याची साक्ष लागेल त्यालाही सोबत नेता यायचं. म्हणजे शीर्षकाने मंडळात कुणाचं लक्ष वेधायचं नाही, आणि तळघराच्या दारात मात्र तो एकच चित्रपट आणि तो एकच साक्षीदार, कुबाला, दाखवून द्यायचा.

रादानाच्या तीन शीर्षकांपैकी पहिल्यात चित्रपटाचं नावच होतं. ते वाचताच हात टेबलावर गोठले असते. दुसरं इतकं भित्रं होतं की त्यात जगातला कुठलाही चित्रपट बसला असता. तिसरं बाहुल्यांच्या हालचालीबद्दलचं. ते जवळजवळ जमलं होतं. मातुलाने त्याच्याखाली रेघ मारायला पेन टेकवलंही. मग वाटलं, ह्रूबाबाईंनी विचारलं, कुठल्या बाहुल्या, तर? तिथे दुसरा शब्द घालू. दुसरा घातला तर दार उघडेल का? उद्या बघू. उद्या त्याला वाटलं, आपल्याला काय कळतं यातलं, लोक उगाच आपल्याला मानतात. असं करता करता मुदत टळली. आपण घाबरलो होतो की नुसते घुटमळलो, हे त्याने नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

यंदा नाताळच्या आधी कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात संत्री आली आणि चौकापर्यंत रांग लागली. मातुला पुस्तक उघडून उभा होता. मागची बाई दोनदा म्हणाली, "पुढे सरका आजोबा, नाहीतर आमच्या वाट्याला क्यूबाची रबरी तेवढी उरतील." तो सरकला, आणि सरकताना त्या बाईच्या मागे रादाना दिसली. तिने त्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. चेहरा भरला होता. डोक्याला लोकरीचा रुमाल. बालवाडीच्या शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेत शिकवते म्हणाली. प्रबंधासाठी तिने सहकारी शेतीच्या प्रचारपटांचा विषय घेतला होता, त्याचं एक पानही लिहून झालं नव्हतं.

"तुमचे आभार मानायचे राहिलेत सर," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत त्याबद्दल."

टोमणा असेल म्हणून मातुलाने मान खाली घातली. पण आवाजात टोमणा नव्हता. तिने हळूच सांगितलं की पंधरा दिवस ती टपालाच्या पेटीशी जाऊन येत होती. शेवटी बाबाच म्हणाले, वेडी आहेस का, उत्तर आलंय की. मातुलांसारखा माणूस नुसती रेघ मारायला तयार नाही, म्हणजे त्यांच्या कानावर काहीतरी आलंय. तिने तो विषय सोडून दुसराच नोंदवला. पुढच्याच महिन्यात फॅकल्टीतल्या दोघांना चौकशीला बोलावलं, त्यातला एक अजून बॉयलरमध्ये कोळसा टाकतोय. तेव्हा घरात दोघांनी मातुलाचं नाव घेऊन एकेक घोट घेतला होता.

त्या वर्षांत लोक असंच वाचत. फोन दोनदा वाजून बंद झाला, ओळखीच्या माणसाने रस्ता बदलला, पत्राला उत्तर आलं नाही, या सगळ्यांचे अर्थ ठरलेले होते आणि ते सहसा बरोबरही असत. नुसत्या घुटमळण्याला त्यात जागा नव्हती.

"रादाना," मातुला म्हणाला, "मला खरंच काही ठाऊक नव्हतं."

तिने मागे वळून रांगेकडे बघून घेतलं. "हो सर," ती म्हणाली. "तुम्हाला काही ठाऊक नव्हतं."

"तसं नाही, खरोखर…"

"कळलं मला. नका बोलू."

मग त्याने वडिलांचं विचारलं. डोळे गेले, ती म्हणाली. गेल्या वसंतात दुसराही गेला. आता छातीचंही काही ठीक नाही, इतकी वर्षं वार्निश आणि भुसा. "एका परीने सुटलो," ती म्हणाली. "आता तो सिनेमा मिळाला काय, न मिळाला काय."

संत्री घेऊन मातुला घरी आला. त्याची विधवा बहीण आनेश्का त्याच्याकडेच राहायची; तिला त्याचा चेहरा वाचायला उजेड लागत नसे. बटाट्याचं सूप वाढता वाढता तिने सगळं काढून घेतलं.

"म्हणजे तू तिला वाचवलंस म्हणायचं," ती म्हणाली.

"मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणतेय. काही न करणं तुझ्याइतकं कुणाला जमत नाही."

तो जेवत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, समजा मी आता काही केलं, आणि ते कुणाच्या डोळ्यांवर आलं, तर ऑस्ट्रियात ग्रात्सला जायच्या तुझ्या परवानगीचं काय? आनेश्काची मुलगी तिकडे नांदत होती आणि दर उन्हाळ्यात परवानगी मिळते की नाही यात आनेश्काचा वसंत जायचा.

"नाही गेले तर तिची भांडी यंदा घासायला लागणार नाहीत, एवढंच," आनेश्का म्हणाली. पण पळी तिने पातेल्यात ठेवली ती पुन्हा उचलली नाही. सूप तसंच थंड झालं.

दोन दिवसांनी, रादाना शाळेत असेल अशा वेळी, मातुला ट्रामने शहराबाहेरच्या काँक्रीटच्या वसाहतीत गेला. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर कुबालाने स्वतःच दार उघडलं आणि भिंतीला हात लावत त्याला स्वयंपाकघरात नेलं. खोली नको तितकी गरम होती. टेबलावर हत्यारं नव्हती, तेलकापडावर नुसता एक रेडिओ. मातुलाने संत्री पुढे ठेवली. कुबालाने एक उचलून नाकाशी धरलं.

"क्यूबाचं नाही," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही रांगेत पुढे होता."

इकडचंतिकडचं बोलणं झालं. दोघांनाही ते फारसं येत नव्हतं. शेवटी मातुलाने एकदम सांगून टाकलं, की तेव्हा त्याच्या कानावर काहीही आलेलं नव्हतं. इशारा वगैरे काही नव्हता. त्याचं फक्त ठरत नव्हतं.

कुबाला बराच वेळ साल सोलत राहिला.

"म्हणजे नुसतंच राहून गेलं?"

"नुसतंच राहून गेलं."

"हं." त्याने साल गोळा करून एका बाजूला सारलं. "हे आधी कळलं नाही ते बरं झालं. कुणीतरी अडवलं म्हटलं की माणसाला झोप लागते." मग म्हणाला, "पोरीला सांगू नका. तिला वाटू दे कुणीतरी अडवलं होतं."

मातुला गप्प राहिला, आणि कुबालाने तो होकार धरला.

पुढे तो आपणहून बोलू लागला. पडदा काय, भिंत काय, आता त्याला सारखंच. पण एक गंमत झाली होती. चित्रपटाचा आवाज धरायच्या वेळी स्टुडिओने त्याला बोलावून घेतलं होतं, कारण झाकणं त्याच्याच हातची, नासपतीच्या लाकडाची, आणि ती पाण्याखाली कशी उचलायची ते दुसऱ्या कुणाला जमेना. पडद्याकडे पाठ करून, मोठ्या टबात कोपरापर्यंत हात घालून त्याने एकेक झाकण उचललं होतं. सगळे श्वास धरून उभे होते. "तेवढं मात्र मी आहे त्यात," तो म्हणाला. "ती पोर झाकण उचलते तेव्हा ते माझे हात असतात. दिसत नाहीत, पण असतात." त्याला खोकल्याची उबळ आली. मातुलाने पाणी दिलं. पेला शोधणारा हात टेबलावर दोनदा चुकला.

परतीच्या ट्राममध्ये मातुलाला बसायला जागा मिळाली नाही. दांडीला लोंबकळून तो त्या तिसऱ्या शीर्षकाचा विचार करत होता. ज्या एका शब्दासाठी तीन वर्षांपूर्वी पेन अडलं होतं, तो आता सापडला असता तरी उपयोग नव्हता. हालचाल बघायला डोळेच उरले नव्हते. दारू कारखान्याच्या थांब्यावर गर्दी उतरली आणि तो बसला, आणि बसल्यावर त्याला दिसलं की शीर्षक बाहुल्यांचं असायलाच नको. आवाजाचं हवं. आवाजाकडे कोण वळून बघतो? पाण्याचा आवाज म्हटलं की त्या स्टुडिओच्या त्या वर्षांतला एकच चित्रपट उरतो. आणि शेवटी दोन शब्द असे, की ते ऐकल्यावर त्या मंडळात खाली राहायची कुठल्याही हाताची छाती होणार नाही, ह्रूबाबाई तर ते थोडे सावकाश वाचतील. त्याच दोन शब्दांवर कुबालाला तळघराच्या दारातून आत नेता येईल.

घरी येऊन त्याने ओव्हरकोटही न काढता लिहिलं: 'मोराव्हियन परीकथांवरील बाहुली-ॲनिमेशनपटांतील जलध्वनींचे तंत्र, १९६५ ते १९७०: कामगारांच्या साक्षींसह.'

चांगलं होतं. इतकं करडं त्याला आजवर साधलं नव्हतं. मंजूर झालेला विषय एकदा बदलून घेता येत असे, त्याची मुदत जानेवारीअखेरपर्यंत होती. मार्गदर्शकाची सही लागायची, आणि निवृत्त झाला तरी मातुलाचं नाव मार्गदर्शकांच्या यादीतून अजून काढलेलं नव्हतं.

आता हा कागद तिच्या पाकिटात घालायचा आणि पेटीत टाकायचा, एवढंच राहिलं होतं. तिथेच तो अडला, आणि या वेळी कशावर अडला ते त्याला स्पष्ट कळलं. नुसतं शीर्षक गेलं तर रादाना काय वाचेल? तीन वर्षं गप्प असलेला मातुला बोलला, म्हणजे वरचा ढग सरला. म्हणजे आता धोका नाही. ती निर्धास्त अर्ज भरेल. आणि मातुलाला तर आजही काही ठाऊक नव्हतं. ढग सरला की डोक्यावर आला, हे सांगणारं त्याच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. शीर्षक कितीही करडं असो, कुणी कोट उघडून बघितलाच तर नोकरी तिची जाणार होती. तिला खरं सांगितलं तर म्हाताऱ्याची झोप जाणार. नाही सांगितलं तर पोरगी पुन्हा एकदा त्याच्या नावावर चुकीचं काहीतरी वाचणार.

आनेश्का दारात येऊन उभी राहिली. "लिहितोयस की फाडतोयस?"

"लिहितोय."

"मग कोट काढ. घामाने शाई पसरेल."

कोट काढून त्याने शीर्षकाखाली लिहिलं:

"रादाना, मला वरून काही कळलेलं नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. तेव्हा माझं ठरलं नाही आणि मी लिहिलं नाही, एवढंच झालं. तुझ्या वडिलांना हे मी सांगितलं आहे. त्यांची इच्छा तुला कळू नये अशी होती, ती मी मोडतो आहे. धोका आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. हे शीर्षक त्यांना ऐकता यावं म्हणून आहे. भरायचं की नाही ते तू ठरव. भरलंस तर मार्गदर्शक म्हणून माझं नाव लिही. खाली सही केली आहे."

वाचून बघितल्यावर दोन ठिकाणी भाषा अवघडलेली वाटली. त्याने ती तशीच राहू दिली, कारण दुरुस्त करायला घेतलं की काय होतं ते त्याला माहीत होतं.

खणातलं तिचं पाकीट त्याने काढलं, पण वापरलं नाही. त्यावर पाठवणारा कोण ते कुठेच नव्हतं. तिने ते मुद्दामच तसं ठेवलं असणार, त्याच्यासाठी. त्याने नवीन पाकीट घेतलं, तिचा पत्ता घातला, आणि मागच्या बाजूला स्वतःचं नाव, रस्ता आणि घराचा क्रमांक नीट अक्षरात लिहिला. असं त्यांच्या रस्त्यावर आता फारसं कुणी लिहीत नसे.

टपालपेटी भाजीच्या दुकानासमोर होती. रांग आजही होती, बहुधा केळी आली असावीत, आणि रांगेतले लोक दुसरं काही बघायला नसल्याने येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत होते. फॅकल्टीच्या कचेरीतली टंकलेखिका त्यांच्यात उभी होती. तिने मान हलवली, मातुलाने टोपी उचलली. कोळशाच्या धुराने हवा घट्ट झाली होती. रादाना हे वाचून कागद चुलीत घालेल, हेच जास्त शक्य होतं. आणि समजा तिने अर्ज भरला, मंडळाचे हात वर झाले, प्रागहून चिठ्ठी आली, तरी त्याला उन्हाळा लागेल, आणि कुबालाच्या छातीचं उन्हाळ्यापर्यंतचं काही सांगता येत नव्हतं.

त्याने पाकीट फटीत सरकवलं. ते अर्ध्यावर अडकलं, पेटी भरलेली असावी. टंकलेखिका बघत होती. मातुलाने बोटांनी ते आत रेटलं, पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबला, आणि मग घरी गेला.